हरलेल्यांच्या घरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे धरायची नव्हे, व्हॉलीबॉलची. माझी आजी मात्र नर्मदेत मासे धरायची. एकदा तर तिनं ग्वारीघाटावर पौर्णिमेचा अख्खा चंद्र धरून काठावर ओढला होता. नावाडी पाया पडले, तेव्हा कुठे सोडला. खोटं वाटत असेल तर आज वर बघा, तिच्या गाठींचे वळ अजून आहेत त्याच्या अंगावर.

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या मैदानावर मला पहिल्यांदा दोन खांबांमध्ये ताणून बांधलं, तेव्हा मला वाटलं, ही सारी गर्दी माझ्यासाठीच जमली आहे. तेवढ्यात पिशवीतून तो निघाला. गोल, टकला, फुगलेला चेंडू! सगळे त्याच्याकडे धावले. त्याच्या अंगात आहे काय? हवा! माझ्या अंगात हजार गाठी आहेत, पण विचारतो कोण?

खेळाचे नियमसुद्धा त्याच्याच लाडाचे. माझ्या इकडे सहा जणी, तिकडे सहा जणी. मागच्या रेषेबाहेरून त्याला हात मारून सर्व्हिस करायची, म्हणजे साहेबांची स्वारी माझ्या डोक्यावरून निघाली. त्याला पकडायचं नाही, फक्त टोलवायचं. एका बाजूनं फार तर तीन वेळा हात लावून पलीकडे धाडायचं, आणि एकीनंच लागोपाठ दोनदा लावायचा नाही, म्हणजे सगळ्यांना त्याचा लाभ मिळतो. तो रेषेवर पडला तरी आतच धरतात. आणि मी? खेळताना मला हात लागला की फाउल! पॉइंट समोरच्यांना! मला टाळून उड्या मारणाऱ्यांचं कौतुक, मला चुकून भेटणाऱ्याला शिक्षा. जळू नको तर काय करू?

आमच्या मंडळाचे दोन रिवाज होते. रेफरी एकटीच, म्हणून जिला जाळी लागेल तिनं आपणहून हात वर करायचा. दुसरा रिवाज तर जखमेवर मीठ. दिवाळीच्या सुट्टीतली स्पर्धा संपली की जिंकणारे चेंडूला गुलाल लावून वाजतगाजत घरी नेत, आणि हरणारे मला नेत. मला धुवायचं, सांधायचं, वर्षभर सांभाळायचं काम त्यांचं.

मदन महल मोहल्ल्याच्या मुली वर्षानुवर्षं हरत आल्या, म्हणून मी त्याच मोहल्ल्यातल्या समृद्धीच्या घरी राहिले. लहानपणी ती माझ्यात गुंडाळून घेऊन लपायची. मोठी झाली तशी गच्चीवर बसून माझी भोकं सांधू लागली. तिच्या आईनं मात्र एका वर्षी माझ्यावर लाल भोपळ्याचा वेल चढवला. भोपळाही गोलच! गोल वस्तूंनी माझा पिच्छा कधी सोडला नाही.

मग यंदाचा अंतिम सामना आला. मदन महल विरुद्ध विजय नगर. समृद्धी पहिल्यांदाच सहा जणींत उभी होती. शेवटचा सेट पंधरा पॉइंटांचा, आणि जिंकायला दोनची आघाडी हवी. मदन महल चौदा, विजय नगर तेरा. विजय नगरचे दोन हात लागून झाले होते. तिसऱ्याला अश्लेषा उडाली आणि तिनं चेंडू असा हाणला की तो थेट माझ्या पोटात! मी फुगले आणि समोर हात उंचावून उडालेल्या समृद्धीच्या मनगटांना जाऊन भिडले. चेंडू विजय नगरच्याच बाजूला पडला. रेफरी मीनाक्षीकाकूंनी शिट्टी वाजवली. मदन महलच्या मुली नाचायला लागल्या.

समृद्धीनं हात वर केला.

"काकू, मला नेट लागलं."

तिची कॅप्टन प्रणाली धावत आली. "अगं, हात काहून वर करून राहिली? जिंकलो नं आपण!"

"लागलं तर लागलं नं दीदी."

पलीकडून आरडाओरडा झाला. "चौदा-चौदा! चलो, सर्विस हमारी!"

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? येऊ दे हा फाउल. हरू दे हिला. म्हणजे मी पुन्हा हिच्याच घरी जाईन, आणि तो टकला विजय नगरला. एवढी वर्षं मला सांभाळणारी पोर डोळे पुसत होती आणि मी हा हिशेब करत होते. मत्सर असा असतो.

मीनाक्षीकाकू स्टुलावरून खाली उतरल्या. "समृद्धी, तू जाळीकडे गेली होतीस, का जाळी तुझ्याकडे आली?"

"मी तर जागेवरच होते काकू. नेटच येऊन भिडलं."

"अच्छा. अश्लेषा, तू सांग."

विजय नगरच्या मुली अश्लेषाकडे डोळे वटारून बघत होत्या. तिनं खाली बघत म्हटलं, "बॉल मीच नेटमध्ये हाणला. त्यानंच ते फुगलं."

"मग फाउल कसला? चेंडूच्या धक्क्यानं जाळी येऊन लागली, तर चूक खेळणाऱ्याची नसते. पॉइंट मदन महल! सामना संपला!"

एवढ्या वर्षांत खेळताना मी एकदाच कोणाला मिठी मारली, तीही त्या हवाबाजाच्या धक्क्यानं! आता तोच गुलाल लावून समृद्धीच्या कुशीत बसला होता. तिनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला पोत्यात भरून अश्लेषानं स्कूटीवरून विजय नगरला नेलं. तिच्या फटक्यानं माझ्या पोटाला भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाल्कनीत दोरा घेऊन बसली.

आई म्हणाली, "फेक नं ते चिंधूक. नवीन आणून टाकतील मंडळवाले."

"नाही आई. भोक मी पाडलं, सांधीन पण मीच."

तिचे हात हळू चालत होते. प्रत्येक गाठ ती दोनदा ओढून बघत होती.

मित्रांनो, सामना संपला की तुम्ही सगळे चेंडूमागे पळता. दोघं तरी मागे थांबत जा. माझ्या दोऱ्या सैल करा, धूळ झटका, मला उन्हापावसात लटकत ठेवू नका. आणि खेळताना मला लागलात, तर कोणी पाहिलं नसलं तरी हात वर करा. जिंकलेल्यांचे हात त्या चेंडूला ठाऊक आहेत, ते वर उडवतात आणि विसरतात. हरलेल्यांचे हात कसे जपून गाठ मारतात, ते एक मलाच माहीत आहे.

हे त्याला मात्र सांगू नका. उगाच जळेल.