पहिल्या खेळाचा कौल

कुंडलिक लढाईला गेला होता हे सोलापुरातल्या गिरणीत साऱ्यांना ठाऊक होतं. तिथे जाऊन त्यानं नेमकं काय केलं, हे मात्र कुणी खोदून विचारलं नव्हतं. तो खेचरांच्या पलटणीत होता. इराकातल्या बसऱ्याच्या मुलखात दोन वर्षं त्यानं खेचरांच्या पाठीवर पखाली लादल्या आणि पिठाची पोती बांधली. तोफा ऐकल्या त्या तीन कोसांवरून. पण लढाईवरून परतलेल्या माणसाकडे लोक लढाईच मागतात. पिठाच्या पोत्यांची गोष्ट कोण ऐकून घेणार? कुंडलिक मागेल त्याला मागेल तशी लढाई सांगत गेला, आणि सांगून सांगून पार थकला.

एकोणीसशे एकोणतीस सालच्या चैत्रात सिद्रामप्पांच्या पत्र्याच्या थेटरात महायुद्धाचा विलायती सिनेमा यायचा होता. पुण्याला तो महिन्यापूर्वीच लागला होता, आणि तेव्हापासून मागाच्या खात्यात दुसरा विषय नव्हता. खात्याच्या मुकादमाच्या, चन्नवीर जॉबरच्या, मेव्हण्यानं पुण्याहून लिहिलं होतं, की बायका चक्कर येऊन पडतात, पुरुषांनीही जरा जपूनच बसावं. मागावरच्या येडूचा चुलतभाऊ स्वतः बघून आला होता, आणि त्याचं म्हणणं, पडद्यावर नुसता धूर. कोण कुणाला मारतो तेच कळत नाही. चन्नवीर आणि येडू, दोघांपैकी एकानंही सिनेमा पाहिलेला नव्हता. तरी त्यावरून भांडून चार दिवस ते एकमेकांची विडी घेत नव्हते.

सिद्रामप्पांची एक रीत होती. नवा सिनेमा शुक्रवारी लागायचा असला, की गुरुवारी दुपारी ते एक खेळ मोजक्या लोकांना फुकट दाखवायचे: एखादे डॉक्टर, एखादे वकील आणि गिरणीतला एक कामगार. खेळ सुटला की डॉक्टर-वकील टांग्यात बसून जायचे, आणि कामगारानं पायरीवर उभं राहून सिनेमा कसा आहे ते बाहेरच्या लोकांना सांगायचं. त्याचा कौल म्हणजे शेवटचा शब्द. मागे सूतकताईच्या साच्यावरच्या एका कामगारानं पायरीवरून नुसतं "हनुमंताची शेपटी मधीच गळून पडती" एवढं सांगितलं, आणि तो सिनेमा तीन दिवसांत गुंडाळावा लागला.

या खेपेला कुणाला पाठवायचं, हा प्रश्नच नव्हता.

"मला न्हाय जमायचं," कुंडलिक म्हणाला. "अंग मोडून आलंय. दुसऱ्या कुणाला धाडा."

"दुसऱ्या कुणी लढाई बगितलीया?" चन्नवीर म्हणाला. "मामा, महिना झाला आमी वाट बगतोय. तुमी नुस्तं खरं हाय का खोटं, येवढंच सांगा की."

नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. गुरुवारी सकाळची पाळी संपवून, केसांतला कापूसही न झटकता कुंडलिक थेटराकडे गेला.

थेटरासमोरच्या कडुलिंबाखाली बजाबाईची पाणपोई होती. ती गिरणीत कांड्यांवर सूत भरायची आणि चैत्र लागला, की उरलेला वेळ इथे रांजणांपाशी बसायची. माढ्याकडच्या ज्या गावचा कुंडलिक, त्याच गावची ती. तिचा मुलगा रावजी आणि कुंडलिक एकाच दिवशी पलटणीत भरती झाले होते. कुंडलिक परत आला. रावजी आला नाही. तो तहानलेलाच गेला म्हणून ही पाणपोई, हे ती पाणी पिणाऱ्या कुणालाही सांगायची.

"कुंडलिका, मी उद्याचं तिकीट काढलंय," ती म्हणाली. "तू बगून ये. माजा रावजी जसा पडला तसंच त्यात हाय का, तेवढं मला सांग. मला एकदा डोळ्यांनी बगायचंय."

"कशाला बगता काकू? ते बगण्यासारखं न्हाय."

"बारा वरसं मनात बगतीच की. मग पडद्यावर बगितलं तर काय हुतंय?"

कुंडलिक मान खाली घालून आत गेला.

बारा वर्षांपूर्वी तो गावी परतला तेव्हा बजाबाईच्या दारात सारा गाव गोळा झाला होता. पाटील पुढेच बसले होते. कुंडलिकनं सांगितलं, की रावजी हल्ल्यात सगळ्यांच्या पुढे होता, छातीवर गोळी लागली आणि तो वाळूत पडला. पाटलांनी मान डोलावली, कुणी तरी शाबास म्हणालं. बजाबाईनं एकच विचारलं होतं, "पाणी कुनी पाजलं का?" कुंडलिक गडबडला. हल्ल्यात पाणी कोण पाजणार? पलटण पुढं गेली, थांबायला कुणाला सवड नव्हती, असं तो बोलून गेला. गोष्ट खरी वाटावी म्हणून.

थेटरात पंख्याची घरघर होती. डॉक्टर पुढच्या खुर्चीत सरळ झोपी गेले होते. विरुपाक्ष नावाचा माणूस पडद्याजवळ उभा राहून त्यावर येणाऱ्या इंग्रजी पाट्यांचा अर्थ मराठीत मोठ्यानं सांगत होता. कुंडलिकच्या पापण्या जड झाल्या होत्या. पलटणी चालल्या, तोफा उडाल्या, येडू सांगत होता तो धूरही झाला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्यातलं त्यानं काहीच पाहिलेलं नव्हतं.

मग हल्ला झाला. शिपाई खंदकातून वर चढले आणि धावत सुटले. एक पोरगेला शिपाई पडला. बाकीचे त्याला ओलांडून पुढे गेले. मैदान रिकामं झालं, तरी तो पडद्यावर तसाच होता. त्यानं हात वर केला, कुणी येईना, तेव्हा हातानं माती उकरली. तोंड उघडून तो काही तरी मागत होता. विरुपाक्ष गप्प होता, कारण तिथे पाटीच नव्हती.

कुंडलिकची झोप उडाली. हे तो ओळखत होता. हे त्यानंच सांगितलेलं होतं. तोंडानं सांगून तो मोकळा झाला होता, आणि बजाबाई मात्र बारा वर्षं रोज हेच बघत बसली होती. त्याला स्वतःची इतकी किळस आली, की खेळ संपेपर्यंत त्याला पडद्याकडे बघवेना.

तो बाहेर आला तेव्हा पायरीखाली शे-दीडशे माणूस उभं होतं. चन्नवीर आणि येडू शेजारी शेजारी, भांडण विसरून.

"बोला मामा," चन्नवीर म्हणाला. "खरं का खोटं?"

"खोटं," कुंडलिक म्हणाला. "मी सांगत आलो ते समदं खोटं."

हा कौल सिनेमाचा की कशाचा, हे कुणालाच कळेना. कुंडलिक गर्दीतून वाट काढत लिंबाखाली गेला. बजाबाई उठून उभी राहिली.

"तसंच हाय?"

"काकू, रावजी लढाईत न्हाय पडला. हगवणीनं गेला. बसऱ्याला, इस्पितळाच्या तंबूत. मीबी आजारी हुतो, त्याच तंबूत. मला बसता येत हुतं, त्याला न्हाय. सा दिवस मी त्याला धुतला, पुसला, पाणी पाजलं. ते पोटात ठरत न्हवतं, तरी पाजलं. गेला तवा डोकं माज्या मांडीवर हुतं."

बजाबाईनं हातातला तांब्या रांजणावर ठेवला.

"मग असं का न्हाय सांगितलंस?"

"पाटील हुते, गाव हुता. पोरगं घाणीत मेलं, हे चारचौघांत कसं सांगू? वाटलं, गोळी बरी. तुमची मान वर राहील."

"मान," बजाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "घोट घ्यायला लागले की मला तो दिसायचा, वाळूत, एकटा. माजं पोरगं एकटं न्हाय मेलं, हे सांगायची तुला लाज वाटली?"

आता ती थोबाडीत मारील तर बरं, असं कुंडलिकला वाटलं. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले.

"ह्याच हातांनी?"

"व्हय."

"मामा, शिनेमाचं काय?" मागून येडूनं हळूच विचारलं. चन्नवीरनं त्याला कोपरानं ढोसलं.

कुंडलिक लिंबाच्या मुळापाशी खाली बसला. बजाबाईही त्याच्यासमोर बसली. हात तिनं सोडले नव्हते.

"आता सांग," ती म्हणाली. "पैल्या दिवसापासनं सांग. काय काय बोलला तो?"