माझ्या टोकाची चव

मी बोलतोय, रेशमाच्या चौकटीच्या कडेला आडवा पडलेला हा बारीक कुंचला. माझ्याकडे खुशाल बघा, पण हात लावू नका. निदान माझं सांगून होईपर्यंत तरी नको.

एका जनावराच्या शेपटीचे चार केस आणि एक गुळगुळीत काडी, एवढंच माझं शरीर. ज्या कारागिराने मला बांधलं, त्याने शेवटी मला ओठांत धरून ओलं केलं. टोक सुईसारखं झालेलं बघून तो म्हणाला, "झकास!" तेव्हा माझ्या अंगाला रंगाचा थेंबही लागलेला नव्हता. मला वाटलं, कुंचल्याचं आयुष्य असंच लाडाचं असतं. मूर्ख होतो मी.

मग मी ताईच्या घरी आलो. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ताई रेशमावर रंगवते. पांढरं रेशीम लाकडी चौकटीवर ताणून टाचण्यांनी पक्कं करायचं, त्यावर झाडाच्या घट्ट चिकाची रेघ ओढून आकार बांधायचे आणि मग आत रंग सोडायचा. रंग असा धावत सुटतो की बघत राहावं! चिकाच्या रेघेपाशी गेला की मात्र गपकन थांबतो. रेघेत कुठे जरा फट राहिली, तर आख्खं आकाश फुलाच्या पोटात शिरतं. कागदावर निदान खोडता येतं. रेशमावर चुकलं की गेलं.

माझं काम सगळ्यात शेवटी. पिसांच्या रेघा, पानांच्या शिरा, डोळ्यांच्या पापण्या. त्यासाठी टोक लागतं आणि प्रत्येक रेघेनंतर माझे केस फाकतात. मग ताई मला ओठांत धरते, जिभेवर हलकेच फिरवते आणि टोक पुन्हा नीट होतं. या घरात त्याला 'टोक लावणं' म्हणतात. ताईला ते तिच्या वडिलांनी शिकवलं. ते म्हणायचे, "पाण्यात बुडवलास तर रंग पातळ होतो, फडक्याला पुसलास तर सुकतो. ओल किती हवी ते जिभेलाच कळतं." ताई तर डोळे मिटून, नुसत्या चवीवर सांगायची की निळा जरा दाट झालाय.

बरणीत माझ्या शेजारी तिच्या वडिलांचा जुना कुंचला उभा असायचा. अर्धे केस झडलेला, महाखत्रूड. मी आल्या आल्या मिरवायला लागलो, तर म्हणाला, "मिरव, मिरव. मीही मिरवलो होतो. माझा धनी शेवटी कळांनी तळमळून गेला. लोक म्हणाले, वय झालं होतं. अरे, कसलं वय!"

मी हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्यांना कुरकुरायची सवयच असते.

एका सकाळी ताई न्हाणीघरातून आली ती स्वतःशीच हसत. चौकटीपाशी तिची लेक छकुली चिकाची रेघ ओढत होती. घोडी झालीय, पण नाव अजून छकुलीच.

"काय गं आई, हसतेस काय?"

"अगं, लघवीला लाल झालं. काल दिवसभर गुलाबाच्या पाकळ्या केल्या ना, तो रंग उतरला असणार."

"काहीतरीच काय! तिथून कसा उतरेल?"

"इतका पोटात गेलाय, कुठून तरी बाहेर पडणारच की!"

दोघी खो खो हसल्या. दुसऱ्या कुठल्या घरात हे ऐकून हातपाय गळाले असते. पण इथे बादलीतलं पाणी लाल, टॉवेल लाल, उशीच्या अभ्र्यावरसुद्धा लाल ठसे. या घरात लाल रंगाला कोण घाबरणार?

जुना कुंचला तेवढा हसला नाही. "माझा धनीही असाच हसला होता," म्हणाला.

पुढचं काम निळ्याचं होतं. तळं निळं, आकाश निळं, पक्षी निळे. कित्येक दिवस माझ्या अंगावरून निळ्याशिवाय काही गेलं नाही. तरी ताईला लालच होत राहिलं. आता मात्र ती हसली नाही. आणि कुणाला सांगितलंही नाही. माझं टोक लावण्याआधी ती माझा निळा रंग पुन्हा पुन्हा निरखायची. मला ओरडून सांगायचं होतं, पण त्यासाठी तोंड कुठे होतं?

शेवटी एका सकाळी ती चौकटीपाशीच कळवळून वाकली. नवरा रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. परत आला तो संतापून. बरणीतल्या आम्हा सगळ्यांकडे बोट दाखवून छकुलीला म्हणाला, "आईच्या मूत्राशयात गाठ आहे. डॉक्टरांनी जीभ बघितली आणि विचारलं, हा रंग रोज पोटात जातो का? आजपासून कुंचला तोंडात गेलेला दिसला, तर चौकटीसकट सगळं बाहेर फेकून देईन!"

ताईचं ऑपरेशन झालं. पक्ष्यांचं ते मोठं रेशीम अर्धवटच राहिलं होतं, आणि ते प्रदर्शनाला जायचं होतं. छकुली बसली. शेजारी ओलं फडकं. पण फडक्याने माझं टोक लागेना. रेघा फुटायच्या, पिसं मातकट दिसायची. आतून ताई विचारायची, "जमतंय का गं?" छकुली म्हणायची, "जमेल, तू पडून राहा." आणि डोळे पुसायची.

आज दुपारी ताई भिंतीला धरत धरत चौकटीपर्यंत आली. नव्या पंखावरून तिने नजर फिरवली. केसाएवढ्या रेघा, एकही फुटलेली नाही.

"अगं बाई! या तू काढल्यास?"

छकुलीने नुसती मान हलवली.

"हात बसला गं तुझा! माझ्या बाबांनी बघायला हवं होतं." ताईचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता. "फडक्याने जमलं?"

पुन्हा नुसती मान.

"बोलायला काय झालं तुला?"

छकुली खाली बघत राहिली. ताईचं हसू हळूहळू ओसरलं.

"आ कर."

"आई, मी..."

तोंड उघडलं आणि दिसलं. जीभ निळीशार.

छकुली रडत म्हणाली, "एकदाच गं, आई! एकाच पंखासाठी." खोटं. मला विचारा ना, किती दिवस चाललंय ते.

आणि आत्ता, हे सांगता सांगताच, ताईने मला उचललंय. तिच्या बोटांत मी आहे आणि दुसऱ्या पंखाची पिसं अजून कोरीच आहेत. माझे केस जरा फाकलेत, टोक लावण्याआधी बघायची तशीच ती त्यांच्याकडे बघतेय. नको, ताई, तसं बघू नकोस. तुझ्या हातात जोर उरला नसला तरी चालेल, माझी काडी बारीक आहे. मोड मला.