नऊ वर्षांचा शाकाहार

"आपण शाकाहारी आहोत, माय," गाडी मस्कतमधल्या अल हैलच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा स्वप्निलनं एकदाचं सांगून टाकलं.

मागच्या सीटवर द्रौपदीबाईंनी पदर सावरला. "कवापासनं?"

"नऊ वर्षं झाली."

"मला न्हाई कुणी कळवलं. सकाळी तर खिमा खाल्ला आपण."

शेजारी बसलेली माधवी खिडकीकडं तोंड करून हसू दाबू लागली. नवऱ्याची अशी फजिती बघायचा योग बायकोला रोज येत नाही, आणि आला की ती सोडत नाही.

तर झालं होतं असं. नऊ वर्षांपूर्वी स्वप्निल कासारे बौशरच्या ऑफिसात पुलांचे नकाशे काढायला रुजू झाला. पहिल्याच दुपारी जेवणाच्या खोलीत जोगळेकरकाकांनी त्याला हाक मारली. जोगळेकर प्रशासनात होते. मस्कतमध्ये त्यांची वीस वर्षं गेली होती आणि शाकाहारी डब्यांच्या टेबलाचे ते अघोषित अध्यक्ष होते. "कासारे का? ये, बस. व्हेज ना?" त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं. स्वप्निल म्हणाला, "हो."

खोटं बोलायचं काही ठरवलं नव्हतं त्यानं. पण शाळेत, कॉलेजात आणि पुण्यातल्या भाड्याच्या तीन खोल्यांमध्ये त्याला एक गोष्ट चांगली समजली होती. हे प्रश्न ओळीनं येतात. आधी खाता काय, मग गाव कुठलं, मग गावातली आळी कुठली. पहिल्या प्रश्नाला समोरच्याला आवडेल ते उत्तर दिलं की पुढचे दोन बहुधा येत नाहीत. आणि ते खरोखरच आले नाहीत. नऊ वर्षं स्वप्निल त्या टेबलावर फ्लॉवर, कोबी आणि दुधी खात राहिला. माधवी घरी मटण शिजवायची आणि त्याच्यासाठी डब्यापुरती वेगळी भाजी करायची. "एवढ्या फ्लॉवरमध्ये माझं एक शेत झालं असतं," असं ती अधूनमधून म्हणायची.

यात खरी पंचाईत झाली नबीलसाहेबांची. नबील हा त्याचा वरिष्ठ, निझवाचा, दिलदार ओमानी माणूस. हिंदी अशी बोलायचा की ऐकणाऱ्यानं विचारावं, साहेब, तुम्ही भेंडीबाजारचे का? ईदच्या दावतीत सगळे बकऱ्यावर ताव मारत असताना तो स्वतः गाडी काढून जायचा आणि स्वप्निलसाठी पनीरचं पार्सल घेऊन यायचा. वर त्याला एकटं वाटू नये म्हणून त्याच्यासोबत चार घास पनीरही खायचा. हे बघून स्वप्निलच्या घशात पनीर अडकायचं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघडायची कशी?

मग स्वप्निल प्रकल्पप्रमुख झाला, आणि त्याच आठवड्यात परभणीकडून माय आली. नबील म्हणाला, "माँ आई है? तो दावत मेरी तरफ से. जुम्मे को, नमाज के बाद." आणि जागा निवडली ती अशी की तिथं जेवायला लोक वाढदिवस किंवा बढती यांचीच वाट बघतात. बौशरमधलं सगळ्यांत महागडं स्टेकहाउस. "तुम्हारे लिए मशरूम बनाएँगे. मैंने फोन करके पूछा है. और तुम्हें अकेला न लगे, इसलिए जोग्लेकर को भी बुलाया है." म्हणजे स्वप्निलची सोय व्हावी म्हणून त्या भल्या माणसानं नेमका तोच पाहुणा बोलावला, ज्याच्यासमोर स्वप्निलच्या आईनं तोंड उघडू नये.

"म्हणजे तिथं जाऊन मी आळंबी खायची," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"फक्त आजच्या दिवस, माय."

"बरं. अन् साहेबाला जय भीम घालू, का तेबी न्हाई?"

स्वप्निलनं आरशात बघितलं नाही. "नमस्कार म्हण ना," तो म्हणाला.

माधवीचं हसू थांबलं. बौशर येईपर्यंत द्रौपदीबाई उघड्याबोडक्या डोंगरांकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या गप्प बसण्यानं स्वप्निलला जेवढं टोचलं तेवढं त्यांच्या बोलण्यानं कधी टोचलं नव्हतं.

स्टेकहाउसात अंधारच फार. भर दुपारी मेणबत्त्या लावलेल्या. द्रौपदीबाईंनी माधवीला हळूच विचारलं, "लाइट गेली का गं?" खुर्च्या एवढ्या जड की ओढायला माणूस ठेवलेला. नबील पांढऱ्याशुभ्र, पायघोळ डिश्‍दाशात दारापर्यंत सामोरा आला. जोगळेकर इस्त्रीचा शर्ट घालून आधीच बसले होते आणि मेन्यूतल्या भाज्यांवर बोट ठेवून त्या मोजत होते. त्या तीनच होत्या.

"नमस्कार," द्रौपदीबाई म्हणाल्या. अगदी सांगितल्यासारखं, हात जोडून. स्वप्निलचा जीव भांड्यात पडला, आणि तरी त्याला बरं वाटलं नाही.

ऑर्डर झाली. नबीलला स्टेक, माधवीला कोंबडी ("मी माहेरापासूनच खाते हो, काका," तिनं आधीच सांगून टाकलं होतं), आणि उरलेल्या तिघांना मशरूम. सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात वेटर आला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, पाहुण्यांना आमचं मांसाचं कपाट बघायला आवडेल का?

ती तिथली रीतच होती. भिंतीत माणसाएवढं काचेचं कपाट, आत मंद लाल दिवे आणि आकड्यांना टांगलेल्या गुरांच्या मांसाच्या थोरल्या फाका, वरून काळपट, सुकलेल्या. लोक त्यापुढं उभे राहून फोटो काढत होते. वेटर इंग्रजीत काहीबाही सांगत होता आणि नबील द्रौपदीबाईंसाठी त्याचं हिंदी करत होता. "अम्मा, ये पैंतालीस दिन सुखाया हुआ है. हवा में. जितना सूखा, उतना महँगा."

द्रौपदीबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. एक पाऊल डावीकडं सरकल्या, वाकून बघितलं, पुन्हा उजवीकडं आल्या. बोहारणीकडून भांडं घेताना त्या अशाच बघायच्या. स्वप्निलच्या लक्षात आलं की आता काही खरं नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्या तर चान्या!"

"माय..." स्वप्निल पुटपुटला. पण गाडी सुटली होती.

त्या नबीलकडं वळल्या आणि परभणीच्या हिंदीत सांगू लागल्या. "साहब, ये हमारे घर में होता था. मेरी सासू करती थी. बाजार के दिन खाटीक से लाना, पट्टी-पट्टी काटना, हळद-मीठ लगाना, और अंगणात रस्सी पे वाळत घालना. ऐसा चार महिना टिकता था. पावसाळे में कुछ नहीं रहा, तो एक तुकडा चुली पे भाजना. मैं काठी लेके बसती थी, कावळा हाकलने को."

नबीलचे डोळे मोठे झाले. "रस्सी पे? नमक लगा के?"

"हां! मीठ नहीं लगाया तो नास जाता."

"अम्मा, ये तो कदीद है!" नबील एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस दचकला. "हमारी दादी! निझवा में! ईद के बाद जो गोश्त बचा, छत पे रस्सी बाँध के! और मैं बैठता था, बिल्ली भगाने को!"

"हमारे में कावळा," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"हमारे में बिल्ली!"

मग ते दोघं काचेपुढं उभे राहिले आणि वेटरला बाजूला सारून आपसात बोलू लागले. किती दिवस ऊन द्यायचं, दमट हवा आली तर काय करायचं, हळद आधी का मीठ आधी. इथल्या मांसाला मीठच लावलेलं नाही यावर दोघांचं एकमत झालं आणि दोघांनीही वेटरकडं जरा दयेनं बघितलं. माधवी कौतुकानं सासूकडं बघत होती. स्वप्निलची मात्र पाचावर धारण बसली होती. कारण जोगळेकरही उठून मागं येऊन उभे राहिले होते, आणि चान्या म्हणजे काय आणि त्या कुणाच्या अंगणात वाळतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सगळे परत टेबलावर आले. नबीलनं नॅपकिन मांडीवर घेतला, आणि मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "लेकिन अम्मा," तो म्हणाला, "स्वप्निल तो प्योर व्हेज है ना?"

आपण काय करून बसलो हे द्रौपदीबाईंना त्या क्षणी कळलं. त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा पाण्याच्या ग्लासाकडं बघत होता.

"वो नहीं खाता," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "छोटा था तबसे नहीं खाया कभी. मैं ही खाती. मैं एकटीच."

जोगळेकरांनी सुटकेचा श्वास सोडला. मनानं माणूस वाईट नव्हता. कुणाची पंचाईत झालेली त्यांना बघवत नसे, आणि म्हणूनच ते काहीतरी चांगलं बोलायला गेले. "असू दे हो, आजी," ते हसून मराठीत म्हणाले. "घरात असं सगळं असताना पोरगा एवढा स्वच्छ राहिला, याचंच कौतुक. चिखलातच कमळ उगवतं!"

आणि द्रौपदीबाईंनी मान हलवली. "व्हय," त्या म्हणाल्या. "तसंच हाय."

स्वप्निल वाचला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात नऊ वर्षांत कुणी धरला नसता. मशरूम आले असते, जेवण झालं असतं, रविवारी ऑफिस उघडल्यावर डब्याच्या टेबलावर त्याची जागा तशीच राहिली असती. पण परभणीच्या कलेक्टर कचेरीत साहेबाच्या तोंडावर "तुमी खोटं बोलता" म्हणून आलेली ही बाई. चुलत्याच्या खटल्यात नातेवाइकांनी पाया पडून विनवलं तरी खोटी साक्ष न दिलेली. ती इथं, मेणबत्तीच्या उजेडात, स्वतःला चिखल म्हणवून घेत होती. तेही मान हलवून. त्याला आपली एवढी लाज वाटली की कानशिलं गरम झाली.

"काका, ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. मग नबीलला कळावं म्हणून हिंदीत म्हणाला, "मेरी माँ झूठ बोल रही है, साहब. मेरे लिए. मैं सब खाता हूँ. चान्या भी खाया है, चुराके खाया है. मैं पहले दिन से झूठ बोला."

जोगळेकर गोरेमोरे झाले. "अरे, पण... मी आपलं सहज म्हणालो रे."

"पहिल्या दिवशीही तुम्ही सहजच विचारलं होतंत, काका."

जोगळेकरांनी काटा उचलला आणि परत ठेवला. "विचारलं होतं खरं," ते म्हणाले. स्वप्निलला वाटलं, आता हे उठतील. पण ते उठले नाहीत. द्रौपदीबाईंकडं वळून नुसतं "चुकलं माझं, आजी" म्हणाले, आणि जेवण येईपर्यंत टेबलक्लॉथच्या शिवणीकडं बघत राहिले.

नबील मात्र अजून हिशेब लावत होता. पहिल्या वर्षाची ईद, दुसऱ्या वर्षाची ईद. "नौ साल," तो शेवटी म्हणाला. "नौ साल मैं पनीर लाया. खुद गाड़ी चला के."

"सॉरी, साहब."

"और खाया! तुम्हारे साथ बैठ के खाया! मुझे पनीर बिलकुल पसंद नहीं, या अखी, मेरे भाई! रबर है!" त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. मग स्वप्निलचा चेहरा बघून त्याला हसू फुटलं आणि ते थांबेना. माधवी म्हणाली, "साहब, मैंने नौ साल फ्लॉवर पकाया," तेव्हा तर त्यानं डोळे पुसले. वेटरला हाक मारून दोन मशरूम रद्द केले. "यल्ला! अम्मा का और इसका, दोनों का गोश्त. खूब पका के. और नमक लाओ, बहुत नमक!"

मांस आलं. द्रौपदीबाईंनी सुरी-काटा उचलून बाजूला ठेवला, हातानं तुकडा तोडला, मिठाला लावला आणि उरल्यासुरल्या दातांनी नेटानं चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "बरंय," त्या म्हणाल्या. "सासूच्या हाताचं न्हाई, पर बरंय." मग त्यांनी दुसरा तुकडा तोडून स्वप्निलच्या ताटात टाकला. त्यानं तो जोगळेकरांच्या समोर, सगळ्यांच्या समोर खाल्ला. त्याला चव नीट कळलीच नाही. द्रौपदीबाईंनी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि खाली वाकून, पूर्वी त्यानं शाळेला दांडी मारल्यावर बोलायच्या तशा रागानं बोलल्या.

"जल्मात पहिल्यांदा खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या, "तेबी तुझ्यासाठी. अन् तू त्ये दोन मिनटं टिकू दिलं न्हाईस."

हात मात्र त्यांनी पाठीवरून काढला नाही.