घराण्यातले हरी

बाळंतपणाची रजा संपवून मी दवाखान्यात जायला लागले तरी आमचं पोर बिननावाचंच होतं. नाव सुचत नव्हतं असं नाही. सासऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

"हरी! घराण्याचं नाव आहे, बुडता कामा नये."

बुडण्याची तशी काही भीती नव्हती. नात्यात तीन हरी धडधाकट होते. एक खुद्द सासरे, उभा जन्म इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात घालवलेले आणि स्वतः मात्र जिन्यानं जाणारे. दुसरे त्यांचे चुलतभाऊ, दातांचे डॉक्टर. दोघांनाही एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं, आणि ते खरं कुणाला शोभतं यावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. तिसरे आत्यांचे जावई. त्यांनी आत्यांचं शिवणयंत्र दुरुस्तीला नेलं, ते अजून दुरुस्तच होतंय. हरी म्हणजे हरण करणारा, असं सासूबाई सांगायच्या. म्हणजे निदान एकानं तरी नाव सार्थ केलं होतं.

"बाबा, या नावाचा अर्थ काय हो?" मी एकदा जेवताना विचारलं.

"विष्णू! सिंह! सूर्य!" सासऱ्यांची छाती फुगली.

मी शब्दकोश काढला. विष्णू, सिंह, सूर्य होतेच. त्यांच्या मागोमाग माकड, बेडूक, साप, पोपट आणि घोडाही आले.

"बेडूक कुणी घुसडला त्यात?" सासरे गरजले.

मी जनावरांची डॉक्टर. एका नावात अख्खा दवाखाना मावतोय म्हटल्यावर माझं त्या नावावर मनच बसलं. नवऱ्याचं मत विचारलं. तो पलंगावर आडवा झाला होता. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी," एवढं बोलून त्यानं कूस बदलली. नाव ठरवण्यातला त्याचा वाटा तेवढाच.

सासूबाईंनी आनंदाच्या भरात सगळ्यांना फोन केले. दुसऱ्याच दिवशी दातवाले काका दारात उभे! हातात लोकरीची इवलीशी टोपी, डोळ्यांत पाणी.

"वहिनी, माझं नाव ठेवलंत. काय बोलू?"

सासऱ्यांनी कप बशीवर आदळला. "तुझं? तुझं कुठून आलं मध्येच?"

"मग कुणाचं? तुझं?" काका मनापासून हसले. "छे! स्वतःचंच नाव नातवाला लावायला निघेल इतका आपमतलबी तू नाहीस. मी ओळखतो ना तुला!"

सासऱ्यांनी उरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला. माझं म्हणावं तर आपमतलबी, त्याचं म्हणावं तर नातू गेला भावाच्या खात्यात.

त्याच दुपारी ते माझ्या दवाखान्यात आले. मी एका कुत्र्याच्या फाटलेल्या कानाला टाके घालत होते.

"सूनबाई, मी विचार केला. जुनी नावं आता बरी दिसत नाहीत. काहीतरी नवीन बघ. छान चकचकीत, अर्थ कुणालाच कळणार नाही असं."

"आणि घराण्याचं नाव?"

"बुडू दे! त्या दातउपट्याच्या नावानं तरण्यापेक्षा बुडालेलं बरं."

"बाबा, सकाळीच नोंद करून आले मी. हरी."

ते मटकन बसले. खाली जनावरं तोलायचा काटा होता, तोही कुरकुरला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. शेवटचा टाका घालून मी त्यांना पाणी दिलं.

आता दर रविवारी दातवाले काका "माझ्या हरीला" भेटायला येतात. पोराला त्यांच्या तावडीत एकटं सोडायचं नाही म्हणून सासरे सकाळपासून समोर ठाण मांडून बसतात. त्यामुळे दोघं बोलायला लागलेत. बोलतात म्हणजे भांडतातच. पोराचं नाक कुणाचं, कपाळ कुणाचं. परवा तर पहिला दात कुणावर गेलाय यावर जुंपली. काकांनी धंद्यातलं ज्ञान पाजळलं, सासऱ्यांनी आवाज चढवला, पोरानं भोकाड पसरलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "हरी, गप बस बघू जरा!"

दोन्ही म्हातारे एकदम गप्प झाले. पोर तेवढं बेंबीच्या देठापासून रडत राहिलं.