केतकीची बाजू

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सावळीराम दोनच गोष्टी वाचत: सकाळचं वर्तमानपत्र आणि थोरामोठ्यांची जाडजूड चरित्रं. कादंबऱ्या म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्यांचं मत होतं आणि मत पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांची सून रोशनी हिचे आईवडील सटाण्याहून इंदिरानगरच्या घरी जेवायला आले होते. जेवणं आटोपून सगळे हॉलमध्ये बसले होते. सोफ्यावर रोशनीनं वाचनालयातून आणलेली कादंबरी पडली होती. मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांकडे रागानं बघत उभे होते. सावळीरामांनी ती उचलली, मधूनच उघडली आणि नाटकी आवाजात वाचून दाखवलं, "तुझा मला इतका राग येतो, की तू दिसली नाहीस तर दिवस सुना जातो."

सगळे हसले.

"पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसचं ऑफिस सांभाळते आमची सून," ते म्हणाले, "आणि वाचते काय, तर हे."

रोशनीची आई ज्योत्स्नाबाई हसल्या खऱ्या, पण हसता हसता त्यांनी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. रोशनीनं पुस्तक घेतलं आणि ती आत गेली.

पुढच्याच आठवड्यात सावळीरामांची कंबर धरली. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं. मुलगा आणि सून कामावर, बायको मैनाबाई माहेरच्या लग्नाला. वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून संपलं. पाणी प्यायला उठले, तर जेवणाच्या टेबलावर रोशनीची कादंबरी राहून गेलेली. असल्या पुस्तकात असतं तरी काय ते बघून ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी नीट बोलता येईल, असा विचार करून त्यांनी ती उघडली.

केतकी आणि विराज यांच्या बेकऱ्या एकाच गल्लीत समोरासमोर होत्या. सुरुवातीला सावळीराम नाक मुरडत वाचत होते. मग विराजनं केतकीचं शाळेच्या केकचं काम पळवलं आणि ते चक्क चिडले. "नालायक आहे," असं मोठ्यानं बोलूनही गेले. पुढं केतकीची भट्टी बंद पडली. विराज न बोलावता आला आणि तिची बोलणी खात मुकाट्यानं भट्टी उघडून बसला. सावळीरामांचं जेवण ताटात गार झालं.

दाराचं कुलूप वाजलं तसं त्यांनी पुस्तक उशीखाली सारलं.

"पप्पा, माझं पुस्तक दिसलं का कुठं?" रोशनीनं विचारलं.

"नाही बुवा," ते म्हणाले.

या वयात, स्वतःच्या घरात, पुस्तकापायी खोटं बोललो. ती चहा टाकायला गेली तेव्हा त्यांनी कंबर धरत उठून पुस्तक टेबलावर, वर्तमानपत्राखाली ठेवलं. तिला ते सापडलं. तिनं ते पिशवीत टाकलं आणि त्यांच्यापुढं चहा ठेवला.

सकाळी ती पुस्तक वाचनालयात परत द्यायला घेऊन गेली. शेवटची काही प्रकरणं राहिली होती. कंबर बरी झाल्यावर सावळीराम रिक्षा करून वाचनालयात गेले. काउंटरवरच्या बाईंना पुस्तकाचं नाव सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की ते दोनदा सांगावं लागलं. पुस्तक दुसऱ्या कुणी नेलं होतं.

त्या संध्याकाळी रोशनी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. ते समोर स्टुलावर बसले आणि त्यांनीही थोडी मेथी पुढ्यात ओढली.

"केतकी त्याला माफ करते का?" त्यांनी विचारलं.

रोशनीचे हात थांबले. "म्हणजे तुम्हीच वाचत होतात."

"हो. तुला खोटं सांगितलं. आणि त्या रविवारी जे बोललो ते न वाचताच बोललो. चुकलं माझं. चांगलं आहे ते पुस्तक."

तिनं एक काडी खुडून बाजूला टाकली. "पुस्तकाला हसलात त्याचं काही नाही, पप्पा. आईसमोर हसलात. ती जाताना मला म्हणाली, सासरी असलं काही वाचत जाऊ नकोस. तिला वाटलं, तिच्याच वळणात काहीतरी कमी राहिलं."

सावळीरामांना वर बघवेना. आपल्या एका विनोदानं ती बाई मान खाली घालून सटाण्याला गेली होती, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"फोन लाव त्यांना," ते म्हणाले.

"राहू द्या आता."

"लाव तू."

फोन लागला. विहिणीची खुशाली विचारून झाल्यावर त्यांची जीभ अडखळली. "ताई, ते रोशनीचं पुस्तक मी वाचलं. मला आवडलं. तुम्ही घरी आलेल्या असताना मी सगळ्यांसमोर तिची चेष्टा केली, ते चुकलं. तिला वाचू द्या."

मग ज्योत्स्नाबाईंनी हळूच विचारलं, "लग्न होतं का हो त्या दोघांचं?"

"रोशनी सांगत नाहीये," ते म्हणाले.

रोशनी हसली. त्यांनी फोन तिच्या हातात दिला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत मायलेकी बोलत होत्या, आणि त्यांचे कान अजून तापलेले होते.