मेघालीला तोलणारा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे. माझा जन्म बोईसरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मला जोडणाऱ्या कारागिराने पाटावर वजनं ठेवून पाहिली आणि तो म्हणाला, "एकदम सच्चा है." मित्रांनो, तेव्हापासून मला माझ्या खरेपणाचा भारी तोरा!

पालघरजवळच्या माहीमच्या एकनाथने मला टेम्पोत घालून किनाऱ्यावर आणलं. त्याची बायको हंसा मासळी विकायची. पापलेट, बोंबील, कोळंबी, सगळं माझ्या पाटावरून गेलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की हंसा ठसक्यात म्हणायची, "काट्याकडं बघ. तो कुणाच्या बापाला भीत नाय." खाऱ्या वाऱ्याने माझ्या कडा गंजल्या, तबकडीची काच पिवळी पडली, पण माझा मान तसाच राहिला.

हंसाची लेक मेघाली पालघरच्या कॉलेजात जायची. एकदा घरच्या साखरपुड्याला अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. मेघाली सहज माझ्या पाटावर टेकली, तर शेजारची गोजराबाई ओरडली, "ऊठ गो बाय, काटा मोडंल!" सगळं अंगण हसलं. मेघालीही हसली. आग लागो त्या हसण्याला!

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना ती माझ्यावर उभी राहिली. मग रोजच राहू लागली. आकडे मी सांगणार नाही. त्यांनी आधीच पुष्कळ नासधूस केली आहे. सुई खाली आली की तिचा चेहरा खुलायचा, वर गेली की दिवसभर पोटात अन्न नाही. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. मासळीही सोडली. कोणी विचारलं की एकच उत्तर, "माझा उपास हाय." गोजराबाई तर कौतुक करताना थकत नव्हती. "केवढी देवभोळी पोर! आणि कशी शेलाटी झालीय!" हंसाला धन्य वाटायचं. देवाचं नाव निघाल्यावर पोरीला जेव म्हणणार कोण?

पुढे मेघालीचे केस मुठीमुठीने गळू लागले. भर वैशाखात ती स्वेटर घालून बसायची. शेवटी कॉलेजातल्या अर्चना मॅडमनी हंसाला बोलावून घेतलं आणि दोघींना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "हा नखरा नाही आणि हट्टही नाही. हा आजार आहे. यात माणसं दगावतात." दर शनिवारी वजन करून फोनवर कळवायचं ठरलं. हंसाला भरवशाचा काटा एकच ठाऊक होता.

पहिल्या शनिवारपेक्षा दुसऱ्या शनिवारी माझी सुई वर सरकली. तिसऱ्या शनिवारी आणखी वर. हंसा इतकी हरखली की तिने मला हळदकुंकू वाहिलं. पाटावरची पावलं तीच होती, नुसती हाडं. वजन कुठून आलं, हे मला कळत होतं. पण सुईला तोंड नसतं हो.

सोमवारी बोंबील वाळत घालताना मेघाली कोसळली. हंसाने धावत जाऊन तिला उचललं आणि ती जागीच थिजली. जन्मभर मासळीच्या पाट्या वाहिलेली बाई ती. वजन तिच्या हाताला कळतं.

"ही शनिवारची पोर नाय!" ती किंचाळली. "काट्यावर भरली तेवढी नाय ही. अवो, इकडं या!"

एकनाथ लेकीला घेऊन रिक्षाकडे धावला. हंसा तिचे कपडे भरायला घरात शिरली, आणि शनिवारी घातलेला परकर हाताला जड लागला. नेफ्यात आणि घेरात एकनाथच्या जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या शिवलेल्या होत्या. टाका अगदी बारीक, हंसानेच शिकवलेला. तशीच पिशवी उचलून ती रिक्षाकडे धावली.

मित्रांनो, शिसं होतं म्हणून मी शिशासकट सांगितलं. मी खोटं बोललो नाही. पण माझ्या त्या खरेपणापायी एक पोर हातची जात होती. कसला तोरा नि कसलं काय!

मेघाली वाचली. कित्येक आठवड्यांनी हॉस्पिटलातून घरी आली ती पांढरीफटक. हंसाने परकराबद्दल एक शब्द काढला नाही. तेव्हा मेघालीच रडत म्हणाली, "आय, मला मरायचं नव्हतं गो. मला खायची भीती वाटते."

"मग भीतीसकट जेवू," हंसा म्हणाली. "मी बसते तुझ्याजवळ."

आता वजन डॉक्टरांकडेच होतं, तेही आकडा तिला दिसू नये म्हणून पाठमोरं उभं करून. मला हंसाने जाळ्यांच्या खोपीत नेऊन ताडपत्रीखाली लोटलं. बरंच केलं. भिंतीपलीकडचं मला ऐकू येतं. एका भाकरीला तासभर लागतो. कधी ताट आपटतं, कधी दोघी रडतात, कधी चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा दार बंद. एकनाथ तिचं जेवण झाल्याशिवाय होडीकडे जात नाही. गोजराबाई एकदा म्हणाली, "आता गालांवर मांस आलंय हां!" हंसाने तिला तिथल्या तिथे गप्प केलं. पुढं काय होईल, डॉक्टरीणबाईसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत.

परवा मात्र मेघालीचा आवाज आला, "आय, भूक लागलीय." मग घाईघाईने डबे उघडल्याचे आवाज आले.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी न जेवता ताटावरून उठू लागलं, तर त्याला जाडं-बारीक म्हणू नका, देवाच्या नावाने वाखाणू नका. डॉक्टरांकडे न्या. आणि घरी त्याच्या शेजारी बसा. जेवण होईपर्यंत उठू नका.