शालिकरामचा जाळपट्टा

"या वर्सी मोहाखाली काडी लावाची नाई," असं गोपिकानं उजाडताच नवऱ्याला बजावलं आणि भांडणाला तोंड फुटलं.

मोहाची फुलं पहाटे पडतात आणि खाली पाचोळा असला की त्यात हरवून बसतात. म्हणून पाचोळा जाळून टाकायचा आणि मग मोकळ्या जमिनीवरची फुलं वेचायची, ही बेलझरी गावाची जुनी रीत. बहुतेकदा ती आग झाडाखाली थांबत नसे, सरळ डोंगर चढायची. मग सारं गाव साळसूदपणे म्हणायचं की डोंगराला आपोआप आग लागली. शालिकरामच्या हातून डोंगर असा किती वेळा आपोआप पेटला, याचा हिशेब त्यानं कधी ठेवला नव्हता.

"मंग फुलं पाचोळ्यातून कोन निवडन? तुया बाप?"

"खराटा घ्या अन् झाडून काढा."

"मी? गडीमाणूस असून खराटा धरू? गाव हासन वं."

"हासू द्या. डोंगराचे चौकीदार कोन हाये? तुमीच ना?"

शालिकरामचं खरं दुखणं तेच होतं. मागच्या उन्हाळ्यात तीन दिवस डोंगर जळला, धूर रामटेकापर्यंत दिसला आणि सरकार जागं झालं. डोंगर आगीतून वाचवायची योजना मंजूर झाली. पायथ्यानं वीस हात रुंदीचा जाळपट्टा काढायचा, म्हणजे तेवढी पट्टी आधीच जाळून साफ करायची. मग पुढं आग आली तरी तिला खायला काही मिळत नाही. शिवाय एक चौकीदार नेमायचा. सरपंच मधुकररावांनी शालिकरामचं नाव सुचवलं तेव्हा चावडीवर हशा पिकला. मधुकरराव मात्र हसले नाहीत. "यालेच बांधून ठेवला का अर्धी आग तशीच इझली," म्हणाले.

पट्टा वेळेत झाला आणि पावसापर्यंत डोंगर वाचला, तर पुढची तीन वर्षं रोपं, बांध, पट्टे अशी कामं गावातच मिळणार होती. नाहीतर शालिकरामचे लेक-सून दर उन्हाळ्यासारखे कोराडीला पॉवरहाऊसच्या बांधकामावर घमेली उचलायला जाणार. गोपिकाला ते नको होतं. सुनेला सातवा महिना लागला होता.

तेव्हा शालिकरामनं खराटा धरला. गाव हसलं, पोट धरून हसलं. चार दिवसांत त्यानं नऊ झाडांखालची जमीन अंगणासारखी झाडून काढली. फुलं नेहमीपेक्षा जास्त निघाली, पण हे त्यानं बायकोला सांगितलं नाही.

आता सरकारी काम म्हटल्यावर पट्टा हिवाळ्यात जाळायचा आणि पैसा मार्च सरताना यायचा, हे ओघानं आलंच. महिना संपायला चार दिवस उरले असताना भर दुपारी नाकेदार बाबूलाल सायकल दामटत आला. जंगलखात्याचा हा रखवालदार घामानं निथळत होता आणि हातात हुकूम होता.

"एकतीस तारखेच्या आत पट्टा झाला नाई, तर पैसा वापस जाते. तीस तारखेले साहेब पाहाले येऊन राह्यले. चाल गा शालिकराम, लाव काडी."

शालिकरामनं खालच्या पाचोळ्याकडं पाहिलं. पानं वर डोंगराकडं उडत होती.

"आता नाई लावत."

"तू? तू काडी नाई लावत?" बाबूलालनं सायकल खालीच टाकली.

"वारा पाहा ना गा. खालून वर चढून राह्यला. आता लावली का पट्टा नाई होत, डोंगरच जाते."

"अन् पैसा वापस गेला मंग?"

जाळलं तर डोंगर जात होता, न जाळलं तर योजना जात होती.

"पहाटे लावू," शालिकराम शेवटी म्हणाला. "फुलं पडते तवा वारा नसते. पाचोळा ओलसर असते. थोडंथोडं झाडून मधात ढीग कराचे, एक इझला का दुसरा. पर त्याले सारं गाव पाह्यजे. तीन पहाटा कोनं फूल वेचाचं नाई."

ऐन बहरातल्या तीन पहाटा सोडायच्या म्हणजे घरातलं धान्य सोडण्यासारखंच. लोक कुरकुरले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र गोपिकानं आपली टोपली मोहाखाली पालथी घातली आणि खराटा घेऊन पट्ट्यावर उभी राहिली. बाया तिच्या मागं आल्या. मग पुरुषांना तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याच्या खराट्याला हसलेले सगळे शालिकरामच्या शिव्या खात खराटे मारू लागले. तिसऱ्या पहाटे एक ठिणगी उडून पट्ट्याबाहेर पडली. शालिकरामनं ओल्या डहाळीनं ती बडवून विझवली. त्यात अर्धी मिशी गेली, पण ऊन चढायच्या आत पट्टा पुरा झाला होता.

साहेब आले, पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. खाली काळी पट्टी, वर डोंगर जसाच्या तसा. ते चकित झाले.

"या आठवड्यात दोन गावांत पट्टे हाताबाहेर गेले. तुम्ही हे कुठं शिकलात?"

शालिकराम उरलेली मिशी चाचपू लागला. मधुकरराव आभाळाकडं पाहू लागले. बाबूलाल उगाच सायकलची घंटी पुसू लागला.

"साहेब," गोपिका म्हणाली, "यायनं तीस वर्सं हाच डोंगर जाळला. आग कवा कोनीकडं पयते, ते यायले नाई ठाऊक तर कोनाले?"

गेली चौकीदारी, शालिकरामनं मनाशी म्हटलं, आणि बायकोकडं रागानं पाहायचंही त्याला सुचलं नाही.

साहेबांनी एकदा त्याच्या अर्ध्या मिशीकडं पाहिलं, एकदा डोंगराकडं. मग पिशवीतून पुढच्या वर्षाच्या चौकीदाराचा फॉर्म काढून बाबूलालच्या हातात दिला.

"नाव यांचंच घाला," ते म्हणाले. "आणि अनुभवाच्या रकान्यात लिहा, तीस वर्षे."